खोली मध्येच उड्या मारते, कंटूर करवतीसारखे येतात: आधी कच्ची नोंद उघडा

तळ्याची खोली मोजून नकाशा करणारं घरगुती यंत्र म्हणजे तशा चारच वस्तू. पाण्यात सोडलेला सोनारचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परतलेला ऐकणारा भाग), जीपीएस मॉड्यूल, दोघांचं म्हणणं मेमरी कार्डावर उतरवून घेणारा कंट्रोलर आणि बॅटरी. सोनार आवाजाचा ठोका खाली पाठवतो, तळाला आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, त्याला आवाजाच्या वेगाने गुणतो आणि दोनाने भागतो. दहा मीटर पाण्यात जाऊन येऊन साधारण साडेतेरा मिलिसेकंद लागतात. जोडणी दोन दिवसांत होते. पुढचे दोन महिने जातात ते "काल नीट चाललं होतं, आज परत तेच" या एका वाक्यात.

"तेच" म्हणजे काय? खोली दीड मीटरवरून एकदम तीनवर जाते. किंवा बारावरून एकवर. किंवा आकडे सगळे शहाण्यासारखे दिसतात, पण नकाशा काढला की उतारावरच्या कंटूर रेषा, म्हणजे सारख्या खोलीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, करवतीच्या दात्यांसारख्या. मग सेन्सर बदलला जातो. चार दिवस बरे जातात आणि बिघाड परत हजर.

माझ्या अनुभवात दोष सेन्सरचा असतो असं फार क्वचित. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे उड्या दिसल्या की कोडमध्ये फिल्टर टाकणं. मी स्वतः एक अख्खा मोसम असा घालवला आहे. कंट्रोलरमध्येच पाच रीडिंगची सरासरी काढून तेवढीच कार्डावर लिहीत होतो. नकाशा गुळगुळीत आला, दिसायला देखणा, आणि चुकीचा. तो दुरुस्तही करता येईना, कारण मूळ आकडे कुठेच शिल्लक नव्हते. तळं पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागलं.

म्हणून पहिली दुरुस्ती यंत्रात करायची नाही, नोंदीत करायची. सोनारकडून आलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी, जीपीएसची प्रत्येक ओळ जशीच्या तशी, आणि दोन्हींच्या आधी कंट्रोलरच्या एकाच घड्याळाचे मिलिसेकंद. सरासरी, फिल्टर, अंश-मिनिटांचं गणित, सगळं घरी संगणकावर. कार्डावर जागेची कमतरता नसते. या एका फाइलमध्ये प्रत्येक बिघाडाची चाल वेगळी दिसते, आणि ती ओळखता आली की अर्धं काम झालं.

आधी एक शंका काढून टाका

गाडीच्या मागच्या बंपरमध्ये असतो तसला "वॉटरप्रूफ" अल्ट्रासॉनिक सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी वगैरे नावाचा, लावला असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. तो शिंतोडे सोसतो, पाण्यातून मोजत नाही. तो ४० किलोहर्ट्झचा आणि हवेसाठी बनवलेला. ठोका दिल्यावर त्याचा पडदा काही काळ थरथरत राहतो, त्यामुळे हवेत जवळचे २० सेंटिमीटर त्याला दिसत नाहीत. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने जातो, म्हणजे तीच थरथर पाण्यात ८५ सेंटिमीटर गिळते. शिवाय ४० किलोहर्ट्झच्या लहरीची पाण्यातली लांबी ३७ मिलिमीटर, सेन्सरच्या तोंडापेक्षा मोठी, त्यामुळे आवाजाचा झोत सरळ खाली न जाता चहूकडे पसरतो. २०० किलोहर्ट्झला हीच लांबी साडेसात मिलिमीटरच्या आत येते. खोलीसाठी ट्रान्सड्यूसर पाण्याचाच हवा. जुन्या मासेशोधक सोनारचा चालतो, फक्त त्यातून आकडे तारेवर बाहेर येत असले पाहिजेत.

बाराचा एक होतो तेव्हा

नोंदीत १२.४, १२.४, १.४, १२.५ असं दिसलं, तर तळावर खडक उभा नाही. मधला २ हरवला आहे.

बरेचसे सोनार एनएमईए ०१८३ या पद्धतीने बोलतात: डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ, डीपीटी किंवा डीबीटी असं नाव, स्वल्पविरामांमध्ये आकडे आणि शेवटी तारांकनापुढे दोन अक्षरी चेकसम, म्हणजे ओळ शाबूत पोचली का ते तपासायचा आकडा. वेग बहुधा ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलरमध्ये आलेली अक्षरं साठवायची जागा ६४ बाइटची. ती १३३ मिलिसेकंदांत भरते. जीपीएस ९६०० वर असेल तर त्याच्या निम्म्या वेळात. एरवी हे पुरतं, कारण कंट्रोलर ती लगेच उपसत असतो. पण मेमरी कार्ड मधूनमधून आपली आतली आवराआवर करतं, आणि तेव्हा लिहिण्याची एखादी आज्ञा शंभर-दोनशे मिलिसेकंद अडकून पडते. तेवढ्यात आलेली अक्षरं सांडतात. अंगणात तपासताना हे दिसत नाही, कारण तिथे आपण पाच मिनिटं चालवतो. पाण्यावर तीन तास.

चेकसम याचसाठी असतो आणि तोच बहुतेक जण तपासत नाहीत. एसडीडीपीटी नावाची ओळ घ्या, खोली १२.४, पुढचा आकडा ०.०. डॉलर आणि तारांकन यांच्यामधल्या अक्षरांचा एक्सॉर (बिटाला बिट ताडून पाहणारं गणित) काढला की हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजून, ६० येतो, आणि ओळीच्या शेवटी सोनारने *६० लिहिलेलं असतं. आता २ गळला. ओळीत १.४ राहिलं, शेवटी अजूनही *६०, पण गणित केलं तर ५२ येतं. ओळ फेकून द्या. अंदाजाने दुरुस्त करायला जाऊ नका.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी. कार्डावर ओळीओळीने न लिहिता ५१२ बाइटचा गठ्ठा साठवून एकदम लिहा, कारण कार्डाचा ब्लॉक तेवढाच असतो. आणि उनोवर सोनार व जीपीएस दोन्ही सॉफ्टवेअर सिरियलवर (साध्या पिनांवर कोडने चालवलेल्या पोर्टवर) टांगले असतील तर ते आधी सोडवा. त्यातलं एका वेळी एकच ऐकतं. एकाकडे कान दिला की दुसऱ्याचं बोलणं हवेत. आर्डुइनो मेगावर हार्डवेअरची चार सिरियल पोर्ट आहेत, ईएसपी३२ वर तीन. मी उनोवर जिवापाड प्रेम केलं, पण या कामासाठी तो नको.

अक्षरं अधूनमधून न गळता सगळीच्या सगळी भलतीसलती येत असतील तर प्रश्न वेगळा आहे: बॉड चुकलाय किंवा सोनारचा सिग्नल उलट्या पातळीचा आहे. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर लागेल. जुन्या सोनारची तार कंट्रोलरच्या पिनेत थेट खुपसू नका, पिन जळते.

दुप्पट

उथळ पाण्यात, विशेषतः तळ कडक असेल तिथे, आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो, पुन्हा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. सोनारने पहिला प्रतिध्वनी थरथरीत हरवला आणि दुसरा पकडला की खोली दुप्पट.

ओळखायची खूण अशी की ती नेमकी दुप्पट नसते. आवाज ट्रान्सड्यूसरवरून नाही तर पृष्ठभागावरून परत फिरतो, म्हणून ट्रान्सड्यूसर जितका बुडलेला असेल तितकं जास्त येतं. ट्रान्सड्यूसर १२ सेंटिमीटर बुडलेला आणि खरं रीडिंग १.५० असेल तर खोटं ३.१२ येईल. नोंदीत उडी मारलेले आकडे शेजारच्या आकड्यांच्या दुपटीपेक्षा सारखेच दहा-बारा सेंटिमीटरने जास्त दिसले, तर दुसरं काही शोधू नका. सोनारची शक्ती किंवा गेन कमी करा, मोजायची कमाल मर्यादा तळ्याच्या अंदाजी खोलीइतकीच ठेवा. ट्रान्सड्यूसरच्या आंधळ्या पट्ट्याहून उथळ काठ सोनारने मोजायचा हट्टही सोडा. तिथे काठी बुडवून मोजलेलं बरं.

गोठलेला आकडा

खरा तळ कधी स्थिर नसतो. होडी डुलते, आकडा दोन-चार सेंटिमीटर हलतोच. नोंदीत ४.७२, ४.७२, ४.७२ असं वीस सेकंद आलं तर काही सोनारची सवय समजा: तळ हरवला की शेवटचा आकडा घोकत बसायचं. तळ का हरवला हा खरा प्रश्न.

बहुतेक वेळा उत्तर हवा असतं. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाजाची जवळजवळ सगळी शक्ती परत फिरते, पलीकडे जातो तो हजारात जेमतेम एक भाग. म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर बुडबुड्यांचा पातळ थर आला तरी तो आंधळा होतो. वेग वाढवला की रीडिंग जातं आणि थांबलं की येतं, असं असेल तर बुडबुडेच. ट्रान्सड्यूसर काठीवर लावून होडीच्या तळापेक्षा खाली आणि पंख्याच्या पुढे घ्या. होडीच्या आतून तळाला चिकटवला असेल तर इपॉक्सीत अडकलेला हवेचा एक फुगा पुरेसा असतो. असा एक ट्रान्सड्यूसर मी खराब समजून बाजूला टाकला होता. नंतर बादलीत सोडला तर ठणठणीत.

दुसरा संशयित मोटर. खोली काहीही असो, रीडिंग ०.६ किंवा ०.८ अशाच एका आकड्याभोवती घुटमळत असेल, तर मोटरच्या वेगनियंत्रकाचा विजेचा गोंगाट सोनारला प्रतिध्वनी वाटतोय. तपासणी सोपी आहे: मोटर बंद करा, होडी नुसती वाहू द्या. आकडा सुधारला? मग मोटरची बॅटरी वेगळी, सोनार-कंट्रोलरची वेगळी, आणि ट्रान्सड्यूसरची केबल मोटरच्या तारांपासून लांब. मोटर सुरू होताना फाइलच तुटत असेल तरी हाच इलाज. तेव्हा व्होल्टेज कोसळून कंट्रोलर पुन्हा सुरू होत असतो.

करवत

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. हा बिघाड सगळ्यात जास्त फसवतो, कारण नोंदीतला एकही आकडा चुकीचा नसतो. खोली बरोबर, ठिकाण बरोबर. फक्त ती दोन्ही एकाच क्षणाची नसतात.

आपण तळ्यावर नांगरटीसारखे जातो-येतो. एक फेरी काठाकडून मध्याकडे, शेजारची फेरी मध्याकडून काठाकडे. सोनार स्वतःच्या आत काही ठोक्यांची सरासरी करून आकडा देतो, म्हणून तो आकडा थोडा शिळा असतो. समजा ०.८ सेकंद. होडी सेकंदाला दीड मीटर चालते, म्हणजे खोली १.२ मीटर पुढच्या जागेवर नोंदली जाते. परतीच्या फेरीत तीच चूक उलट्या दिशेला. शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांत २.४ मीटरचा फरक, आणि उतार पाच मीटरला एक मीटर असेल तर खोलीत जवळपास अर्धा मीटर. कंटूर रेषा एका फेरीत पुढे, दुसरीत मागे. झाली करवत. सपाट तळावर मात्र काहीच दिसत नाही, म्हणून "काल नीट होतं".

यावर फेऱ्या जवळजवळ घेणं हा इलाज नाही, दाते फक्त बारीक होतात. मोजून काढा.

चांगला उतार असलेली एक सरळ रेषा निवडा. काठावर दोन खांब किंवा झाडं एकापुढे एक धरून तिच्यावरून जा, आणि त्याच वेगाने तिच्यावरूनच परत या. दोन्ही फेऱ्यांचे खोलीचे आलेख एकमेकांवर ठेवा. ते आडवे सरकलेले दिसतील. सरक भागिले वेगाची दुप्पट, म्हणजे उशीर. २.४ भागिले ३, बरोबर ०.८ सेकंद.

इथे एक मेख आहे. जीपीएसचा अँटेना ट्रान्सड्यूसरच्या बरोबर वर नसेल, पुढे अर्धा मीटर असेल, तरी दोन फेऱ्यांत अशीच सरक येते. वेगळं कसं करायचं? दोन वेगांनी करा. वेळेचा उशीर वेगाबरोबर वाढतो, अँटेनाचं अंतर वाढत नाही. दीड मीटर प्रतिसेकंदाला सरक ३.४ मीटर आली आणि पाऊण मीटरला २.२, तर फरक १.२ मीटर, त्याला वेगातल्या फरकाच्या दुपटीने, दीडने, भागा: ०.८ सेकंद उशीर. त्या उशिराचे २.४ मीटर वजा करून उरलेल्या एक मीटरचा अर्धा, म्हणजे अँटेना अर्धा मीटर पुढे. हे अंतर गणिताने दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी होडीचं तोंड कुठे आहे ते कळावं लागतं. त्यापेक्षा ट्रान्सड्यूसर ज्या काठीवर आहे तिच्याच वरच्या टोकाला अँटेना बसवा आणि विषय संपवा.

उशीर कळला की सोनारच्या प्रत्येक ओळीच्या मिलिसेकंदांतून ८०० वजा करायचे, आणि त्या क्षणी होडी कुठे होती ते आधीच्या-नंतरच्या जीपीएस बिंदूंवरून काढायचं. सेकंदाला एकच बिंदू येत असला तरी चालतं, दोन बिंदूंच्या मध्ये होडी फार वाकडी जात नाही. मात्र सोनारची सेटिंग बदलली, सरासरी कमी-जास्त केली, की उशीर बदलतो. चाचणी पुन्हा करा. "परत तेच" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी नुकतीच सेटिंग बदललेली असते.

करवतीऐवजी बिंदू जाळीवर बसवल्यासारखे ठरावीक अंतरावर येत असतील तर तो फ्लोटचा, म्हणजे दशांश आकडा मोजक्या बिटांत साठवण्याचा, घोळ. उनोसारख्या आठ बिटी आर्डुइनोत "डबल" लिहिलं तरी मिळतो ३२ बिटांचा फ्लोट. ६४ ते १२८ अंशांमधल्या रेखांशाला त्याची पायरी विषुववृत्ताजवळ ८५ सेंटिमीटरची पडते. अंश पूर्णांकात ठेवा, किंवा वर म्हटलं तसं, ओळ जशीच्या तशी लिहा आणि हा प्रश्नच येऊ देऊ नका.

सगळा नकाशाच थोडा खोल

उड्या नाहीत, करवत नाही, पण दोरीने मोजलं तर जुळत नाही. सोनारला आवाजाचा वेग कोणी सांगितला? बरेच सोनार १५०० मीटर प्रतिसेकंद धरून चालतात. गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला वेग १४९७ असतो, म्हणजे चालून जातं. १० अंशांना १४४७. अशा थंड पाण्यात दहा मीटरचे १०.३७ होतात. डॅनियल कोलाडों आणि चार्ल्स स्टर्म यांनी १८२६ साली जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून, त्याच क्षणी दारूचा भडका उडवून, कित्येक किलोमीटरवर पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून वेग काढला होता: आठ अंशांना १४३५. आजच्या आकड्याशी तो तीन-चार मीटरच्या आतबाहेर जुळतो. आपल्याला नुसता थर्मामीटर बुडवायचा असतो, तेवढा तरी आळस नको. आणि पृष्ठभागावर न थांबता थोडा खालीही सोडा, कारण उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि खालचं गारठलेलं असू शकतं.

किती चूक वेगाची आणि किती ट्रान्सड्यूसर बुडाल्याची, हे ताटाने कळतं. धातूचं सपाट ताट तीन साखळ्यांनी ट्रान्सड्यूसरखाली आडवं टांगा. पृष्ठभागापासून एक, दोन, चार, सहा मीटरवर रीडिंग घ्या. दोरी नको, भिजली की तिची लांबी बदलते. फरक सगळीकडे सारखा असेल तर तो बुडालेल्या ट्रान्सड्यूसरचा, तेवढा मिळवून टाका. खोलीबरोबर वाढत गेला तर वेगाचा.

ताट जुळलं तरी तळ जुळत नसेल, तर तळाकडे बघा. पाणवनस्पती असतील तिथे सोनार शेंड्यांनाच तळ समजतो. मऊ गाळावर २०० किलोहर्ट्झचा आवाज वरच्या सैल थरावरूनच परततो आणि दोरीचं टोकदार वजन मात्र त्यात हातभर रुततं. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. वजनाला वीतभर रुंद चकती लावली की भांडण बरंचसं मिटतं. तीव्र उतारावर सोनार नेहमी उथळ सांगणार, कारण वीस अंशांचा झोत दहा मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंद होतो आणि त्यातला सगळ्यात जवळचा, म्हणजे चढाकडचा, भाग आधी उत्तर देतो. हे स्वस्त यंत्रात सुटत नाही. उतारावरच्या आकड्यांवर तेवढाच विश्वास ठेवायचा.

राहिली पाण्याची पातळी. मोजणी दोन-तीन आठवडे चालली तर तळं तेवढ्यात वीतभर उतरलेलं असतं, आणि दोन दिवसांच्या फेऱ्या जिथे भेटतात तिथे नकाशात खोटी पायरी उभी राहते. काठाजवळ पाण्यात एक खुंटी ठोका, तिच्यावर सेंटिमीटर आखा, आणि रोज पाण्यावर जाताना व परत येताना तो आकडा फाइलच्या नावातच लिहा. वहीत लिहिलेला सापडत नाही.